अडीच स्लॅबचं सामान

पाच साइट चालू आणि सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबचं ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत झेलून धरणाऱ्या साच्याचं, सामान जेमतेम अडीच स्लॅबचं. आमच्या ऑफिसचा संसार कित्येक वर्षं असाच चालला होता, आणि चालला होता म्हणूनच कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जुळे सोलापुरात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा बंगला, होटगी रोडला डॉक्टरांच्या दवाखान्याची इमारत, पूर्व भागात कन्ना चौकाच्या मागच्या बोळात जुनं पाडून नवं घर, केगावच्या बाजूला रो-हाउस आणि चिंचोळी एमआयडीसीत एक गोडाऊन. पाचही ठिकाणी फिरणारं सामान तेच. त्याच लोखंडी प्लेटा, त्यांना खालून टेकू देणारे तेच जॅक, एक टेम्पो, स्लॅब टाकायला मिक्सर-लिफ्टवाली एकच गँग, आणि स्लॅबमध्ये लाइटचे पाइप टाकणारा एकच पोरगा, जो फोन उचलत नाही.

मी मूळची साइट इंजिनिअर. दवाखान्याचं काम बघत होते. एकदा मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता साइट सोडा आणि सगळ्यांचं वाटप बघा." कागदावर ही बढती होती. प्रत्यक्षात सकाळी साडेआठपासून पाच सुपरवायझरांची भांडणं ऐकायची नोकरी.

तोवर वाटप मालक स्वतः करायचे, आणि त्यांची रीत सरळ होती. ज्याचा फोन आधी, त्याला आधी. दोघांचे एकदम आले तर दोघांना थोडं थोडं. माणूस दिलदार, कुणाला नाही म्हणवत नाही. पण सेंट्रिंगमध्ये "थोडं थोडं" याला काडीचा अर्थ नाही. तीन बाय दोन फुटांची प्लेट म्हणजे सहा चौरस फूट. बाराशे फुटांच्या स्लॅबला नुसत्या तळाला २०० प्लेटा लागतात, बीमचे तळ आणि बाजू वेगळ्या. मी वाटप हातात घेतलं तेव्हा बंगल्यावर १३० प्लेटा लागलेल्या होत्या आणि दवाखान्यावर ९०. दोन्हीकडे अर्धी खोली झाकलेली, अर्धी उघडी, आणि दोन्हीकडचे सुपरवायझर "उरलेल्या कधी?" म्हणून बसलेले. तिसऱ्या कुणाला द्यायला गोदामात काही नाही. म्हणजे कागदावर सगळं सामान कामाला लागलेलं, आणि स्लॅब एकही नाही. अर्धा स्लॅब आत्ता टाकू, जोड देऊन उरलेला नंतर, असा सल्ला चहाच्या टपरीवर कुणीही देतो. घरमालकाला विचारून बघा, त्याच्या बेडरूमच्या डोक्यावर जोड चालेल का ते.

पहिलं काम मोजणीचं. मुकादमांना घेऊन सगळ्या साइट फिरले. वहीत होत्या तेवढ्या प्लेटा पहिल्या फेरीत निघाल्याच नाहीत. मग मुकादम जागेवरच्या वाळूच्या ढिगामागे गेले, ताडपत्री उचलली आणि सुपरवायझरकडे बघून म्हणाले, "काय बे, ह्या काय पिल्लं घालायला ठेवल्यास?" खाली प्लेटांची थप्पी, जळकं ऑइल लावून, एकावर एक नीट रचलेली. साइटवरची एवढी निगा मी दुसऱ्या कुठल्याच सामानाची बघितली नव्हती. केगावला जिन्याखाली जॅक सापडले, गोडाऊनवर सिमेंटच्या खोलीत. दडवणारा प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता. "मॅडम, एकदा परत पाठवल्या की दोन-दोन महिने तोंड दिसत नाही त्यांचं," असं एकाने मला तोंडावर सांगितलं, आणि त्याला काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही. माल परत येईल याची खात्री नसली की माणूस साठवतो, आणि सगळ्यांनी साठवलं की खरोखरच टंचाई होते. धाक दाखवून हे थांबणारं नव्हतं. आम्ही फक्त प्रत्येक प्लेटेच्या पाठीवर पिवळ्या ऑइल पेंटचा पट्टा मारून घेतला, कारण बोळातल्या साइटवर शेजारच्या ठेकेदाराच्या प्लेटाही आमच्यात मिसळल्या होत्या आणि आमच्या त्यांच्यात.

दुसरं काम मी कुणाला न सांगता सुरू केलं. एका प्लेटेचा दिनक्रम लिहायचा. गोदामातून निघाली कधी, लागली कधी, तिच्यावर सळई कधी बांधली, पाइप कधी पडले, सळई तपासली कुणी आणि कधी, काँक्रीट कधी पडलं, निघाली कधी, टेम्पोची वाट बघत किती पडून राहिली, खरवडून ऑइल लावून पुन्हा तयार कधी झाली. बंगल्याच्या पहिल्या स्लॅबचा हिशेब मांडला आणि चक्रावले. काँक्रीट पडल्यानंतर प्लेट जितके दिवस स्लॅबखाली होती, जवळपास तितकेच दिवस काँक्रीट पडण्याच्या आधी नुसती उन्हात तापत होती. कधी सळई आली नव्हती, कधी बांधणारे दुसरीकडे होते, कधी तो पाइपवाला. आणि सगळ्या ऑफिसची ओरड कशावर? "स्लॅब लवकर सोडवा." नेमकी जिथे घाई करायची नाही तिथेच घाई.

तिथे घाई का नाही, हे सांगायला हवं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सेंट्रिंग काढण्याच्या किमान मुदती दिलेल्या आहेत, त्या साध्या ओपीसी सिमेंटच्या. कॉलमच्या उभ्या प्लेटा १६ ते २४ तासांत निघतात. स्लॅबच्या तळाच्या प्लेटा ३ दिवसांनी, पण टेकू लगेच परत लावायच्या अटीवर. स्लॅबचे टेकू ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१. आता बाजारात सर्रास मिळतं ते पीपीसी, फ्लाय अॅश म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं. ते ताकद सावकाश धरतं, म्हणून आमचे आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे स्लॅब-बीमचं डिझाइन करणारे इंजिनिअर, या मुदती वाढवूनच देतात. त्यात कुणी "दोन दिवसांनी काय होतंय" म्हटलं की त्यांचा आवाज चढतो, आणि चढायलाच हवा.

पण त्यांच्याशी बोलतानाच एक वाट सापडली. आम्ही प्लेटा आणि जॅक एकाच दिवशी काढायचो. म्हणजे प्लेटेचं काम लवकर संपलेलं असायचं, पण जॅकची मुदत भरायची म्हणून तीही अडकून पडायची. कन्सल्टंट म्हणाले, "सगळे जॅक काढून पुन्हा लावू, हे मला चालणार नाही. स्लॅब एकदा लोंबला की मग खालून किती दाबलं तरी उपयोग नाही. सेंट्रिंग लावतानाच पट्ट्या ठरवा. पट्टीखालचे जॅक मुदत संपेपर्यंत हलवायचे नाहीत. मधल्या प्लेटा आधी निघू देत." त्यांनी प्रत्येक स्लॅबच्या नकाशावर लाल पेन्सिलीने पट्ट्या आखून दिल्या. आमच्या सेंट्रिंगवाल्यांनी पहिल्यांदा नाकं मुरडली, कारण लावतानाच डोकं चालवावं लागतं. पण बहुतेक प्लेटा निम्म्या मुदतीत सुटायला लागल्या.

मग गंमत अशी झाली की सुटलेल्या प्लेटा गोदामात पडून राहायला लागल्या, कारण आता जॅक नव्हते. दवाखान्यावर तर वरच्या मजल्याचा स्लॅब टाकताना खालच्या मजल्याचे टेकू ठेवावेच लागतात. नाहीतर ओल्या काँक्रीटचं सगळं वजन कोवळ्या स्लॅबवर येतं. मालकांच्या टेबलावर नव्या प्लेटांचं कोटेशन पडलेलं होतं, उचल काढून घ्यायच्या बेतात होते. ते बाजूला ठेवलं आणि त्यापेक्षा कमी पैशांत जॅक घेतले. वर्षभर "प्लेटा कमी, प्लेटा कमी" म्हणून ओरड चाललेली, आणि कमी दुसरंच काही होतं.

आता प्रश्न क्रमाचा. ऑफिसात एक पांढरा बोर्ड होता, त्यावर आडव्या ओळीत साइटची नावं आणि पुढे तारखा. तो बोर्ड बघायला छान होता, कारण प्रत्येक साइटच्या पुढे काहीतरी लिहिलेलं असायचं. मी तो पुसला. साइटच्या जागी सामानाची नावं लिहिली: प्लेटा, जॅक, स्लॅबची गँग, बार बेंडिंग (सळई वाकवून बांधणारे), पाइपवाला, टेम्पो, पाण्याचा टँकर. त्या पुढे तारखा आणि चौकोनात साइटचं नाव. पहिल्याच आठवड्यात टेम्पो एका सकाळी तीन ठिकाणी निघाला. तो आधीही तीन ठिकाणीच असायचा, पण साइटवार लिहिलं की ते दिसत नाही. तिथे प्रत्येक चौकोन म्हणजे एकेकाला दिलेला शब्द असतो आणि शब्द द्यायला काही लागत नाही.

मालकांना बोर्ड पटायला वेळ लागला. पटला तो मी पटवल्यामुळे नव्हे. ते मूळचे मोहोळ तालुक्यातले, शेती उजनी धरणाच्या कालव्यावर. उजनी भरली की ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, त्यामुळे उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याची पाळी कधी सुटते याकडे सगळ्या शिवाराचे डोळे लागलेले असतात. बोर्डाकडे बघत एकदा तेच म्हणाले, "म्हणजे ही शेजपाळीच की." शेजपाळीत पाणी सगळ्यांच्या रानात एकदम चमचा-चमचा सोडत नाहीत. एकाचं भिजलं की दुसऱ्याचं. आणि पाळीच्या वेळेला ज्याची सरी तयार नाही, त्याच्यासाठी पाणी थांबत नाही. त्या दिवसापासून ऑफिसात "पाळी" हाच शब्द रुळला, आणि नियमही तिथूनच आला. सळई जागेवर, पाइपचं सामान जागेवर, नकाशावर सही झालेली, तरच प्लेटांचा टेम्पो हलेल. नसेल तर पाळी पुढच्याला.

हा नियम पहिल्यांदा डॉक्टरांना लागला. त्यांनी सळईचे पैसे द्यायला उशीर केला, पाळी बोळातल्या घराला गेली. डॉक्टर चिडले. मालकांना फोन, मला फोन, मग पुन्हा मालकांना. मालक अर्धे विरघळले होते. मी एवढंच म्हटलं की तुम्ही आज प्लेटा पाठवा, पण त्या रिकाम्याच उभ्या राहतील आणि बोळातलं घर पावसाळ्यात अडकेल. मालक थांबले. बोळातल्या घराची तऱ्हा वेगळी होती. तिथे मिक्सर पहाटे आत न्यायचा आणि गल्ली जागी व्हायच्या आत लावून घ्यायचा, खडी-वाळू दोन घरं अलीकडे उतरवून घमेल्यांनी आत. तिथली तारीख हुकली की शेजाऱ्यांची मनधरणी पुन्हा पहिल्यापासून. अशा कामाला तारीख आधी द्यावी, ऐसपैस जागेवरच्या कामाला नंतर, हे मला आता कुणी विचारलं तर लगेच सांगेन.

एक गोष्ट मात्र बोर्डावर मावत नव्हती, ती पैशाची. मालक एवढ्या साइट एकदम का उघडायचे? कारण हप्ते स्लॅबला बांधलेले. करारात जोत्याला इतके, स्लॅबला इतके, वीटकामाला, गिलाव्याला इतके. गृहकर्ज असलं तर बँकही टप्प्याटप्प्यानेच सोडते. सगळ्यात मोठा हप्ता स्लॅबचा, म्हणून सगळ्यांची धाव स्लॅबकडे. स्लॅब पडला की पैसे आले, मग त्या पैशातून दुसऱ्या साइटची सळई. पहिल्या साइटचं वीटकाम रखडलं तरी चालतं, कारण तिथून लगेच काही यायचं नसतं. आमच्या धंद्यात अर्धी बांधलेली घरं उगाच उभी राहत नाहीत. सामानाच्या वाटपाचं भांडण मुळात पैशाच्या वाटपाचं होतं आणि ते माझ्या हातात नव्हतं. मी फक्त एक उसनवारीची वही सुरू केली. एका साइटचं सिमेंट दुसरीवर गेलं तर किती पोती, कुणाच्या नावावरची, परत कधी. पहिली पानं वाचताना मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यानंतरच्या दोन करारांत त्यांनी स्लॅबचा हप्ता कमी करून वीटकामाचा आणि गिलाव्याचा वाढवला.

स्लॅबच्या गँगचे प्रमुख अण्णा, इंडीकडचे, कानडी वळणाचं मराठी बोलणारे. ते आमचे नोकर नव्हेत. आणखी तीन-चार ठेकेदारांचे स्लॅब तेच टाकतात. म्हणजे आमच्या बोर्डावरची एक ओळ दुसऱ्यांच्याही बोर्डावर होती. त्यांना किती वेळा विनवलं की आमच्याकडे आधी या. शेवटी ते म्हणाले, "तारीख द्या की मॅडम, तारखेला येतो. तुमचं काम म्हणजे उद्या-उद्या करत आठवडा जातंय. माझी पोरं काय बसून खालेत का?" त्यांचंही बरोबर. मिक्सर आणायचा, लिफ्ट उभी करायची आणि मग कळायचं की पाइप पडलेलेच नाहीत. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पक्की तारीख आदल्या सोमवारी सांगायची, आणि स्लॅब संपला की त्याच संध्याकाळी पैसे. आमच्यामुळे तारीख मोडली तर गँगची निम्मी हजेरी आमच्या अंगावर. ही शेवटची अट मालकांना जड गेली. पण ती घातल्यापासून तारखा मोडेनाशा झाल्या, कारण मोडण्याची किंमत आता आमच्या खिशातून जात होती.

तारखा ठरवताना पंचांग नि हवामान दोन्ही समोर ठेवावं लागतं. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा. होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरला की शहरातला मजूर कामाला मिळत नाही, आणि आमचे बार बेंडिंगचे मास्तर तर यात्रेत मिरवायच्या सात उंच नंदीध्वजांपैकी एकाच्या मानकऱ्यांतले. तो ध्वज पेलायचा सराव आधीपासूनच सुरू असतो, त्यामुळे डिसेंबरातच त्यांच्या संध्याकाळच्या कामावर पाणी सोडलेलं बरं. फेब्रुवारी-मार्चात ज्वारीची काढणी, तेव्हा अक्कलकोट-अफजलपूरकडची माणसं गावाला. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे. कोरड्या उन्हात ताज्या काँक्रीटला निदान १० दिवस, पीपीसीला १४ दिवस पाणी लागतं. स्लॅबवर वाफे बांधून पाणी भरलं तरी दुपारपर्यंत तळ दिसतो. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड, बोअर आटलेले. मग टँकर, आणि टँकर एकच. म्हणून मेमध्ये एकाच आठवड्यात दोन स्लॅब टाकायचे नाहीत असं ठरवलं. सामान असलं तरी नाही.

सगळ्यात कडाक्याचं भांडण झालं ते रिकाम्या जागेवरून. दर पंधरवड्याला मी बोर्डावर दोन दिवस मोकळे ठेवायचे. मालक तिथे बोट ठेवून विचारायचे, "इथे काय?" काही नाही म्हटलं की त्यांना सहन होत नसे. बसलेलं सामान म्हणजे बुडालेले पैसे, हा त्यांचा जन्माचा हिशेब. मी ती जागा कशासाठी ठेवते हे सांगून पाहिलं. पाऊस येतो, मिक्सरचा बेल्ट तुटतो, कन्सल्टंट गावाला जातात. पटेना. मग एकदा त्यांच्याच पाहुण्यांचा फोन आला. बार्शीचे कुणी, त्यांच्या गच्चीवरच्या खोलीचा स्लॅब, मुलीचं लग्न तोंडावर, आणि "तुम्ही असताना बाहेरचा कशाला". मालक माझ्याकडे बघायला लागले. मी मोकळे दोन दिवस दाखवले. तेव्हापासून त्या चौकोनात मुकादम "पाव्हणे" लिहून ठेवतात आणि मालक तिथे बोट ठेवत नाहीत.

दडवादडवी किती कमी झाली? पूर्ण गेली नाही. केगावचा सुपरवायझर अजून चार जॅक जिन्याखाली ठेवतो आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. पण बाकीचे प्लेटा स्वतःहून परत पाठवायला लागले, कारण पुढची पाळी कधी हे त्यांना बोर्डावर दिसतं आणि ती बहुतेक वेळा खरी ठरते. टेम्पोवाल्याने एकदा तक्रार केली की आता भांडणं नाहीत तर फेऱ्याही कमी झाल्या.

अक्षय्य तृतीयेच्या आधी विजापूर रोडचं एक गिऱ्हाईक आलं. चांगलं मोठं काम, पैसे तयार, मुहूर्तावर सुरुवात हवी. मालक उठून बोर्डापाशी गेले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "भूमिपूजन मुहूर्तावर करा, नारळ फोडायला मी येतो. पण खोदाई जूनच्या आधी नाही." ते गृहस्थ दुसऱ्याकडे गेले. मालक दिवसभर माझ्याशी तुटकपणे वागले. "तुमच्या बोर्डापायी गेलं," असं मुकादमांना म्हणालेही. नंतर काही दिवसांनी केगावच्या तिसऱ्या रो-हाउसचा पाया त्यांनी आपणहून पुढे ढकलला. सुपरवायझर मला जाब विचारायला आला. मी त्याला मालकांकडे पाठवलं. आतून मालकांचा आवाज आला, "जॅक कुठायत? आधी जिन्याखालचे आणून दे."